चिंचवडचे सात देव : एका घराण्याची नवलकथा आणि तिचा कालनिर्णय

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत महाराष्ट्रात असे एकही गाव नसेल, की जेथे 'गणपती बाप्पा मोरया' हा घोष कानी पडत नाही. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी अनेक कुटुंबे नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात स्थायिक झाली असून त्यांच्या घरच्या मुलांनाही हा घोष तोंडपाठ असतो. परंतु या घोषातील 'मोरया' म्हणजे कोण, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर वडीलधाऱ्यांची थोडी तारांबळ उडते. कोणी म्हणतात, मोरया म्हणजे मोरगावचा मयूरेश्वर, अर्थात साक्षात गणपतीच. कोणी म्हणतात, हे चिंचवडच्या मोरया गोसावी या साधुपुरुषाचे नाव असून देवाच्या नावाला भक्ताचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. मोरगावच्या देवाच्या कृपेने झालेल्या पुत्राचे नाव त्या देवावरूनच ठेवले गेले; तेव्हा घोष देवाचा म्हटला काय किंवा भक्ताचा म्हटला काय, नाव एकच. मात्र हा भक्त केव्हा होऊन गेला, हा प्रश्न एवढ्या सहजासहजी सुटणारा नाही. तो विचारू लागले की एका विलक्षण घराण्याचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास उलगडू लागतो, आणि त्यात नवलाच्या गोष्टी इतक्या आहेत की कथा कोठे संपते आणि इतिहास कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

प्रथम परंपरा काय सांगते ते पाहू. वामनभट आणि पार्वतीबाई हे शाळिग्राम आडनावाचे दांपत्य मूळचे बिदरकडील. अपत्यासाठी व्याकुळ होऊन ते मोरगावी आले, तेथे त्यांनी मयूरेश्वराची सेवा केली आणि त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव मोरया. पुढे नयनभारती नामक गोसाव्यांनी या मुलाला उपदेश केला, म्हणून तो मोरया गोसावी झाला. थेऊरला नदीकाठी त्यांनी ४२ दिवस खडतर अनुष्ठान केले. नंतर ते चिंचवडच्या बाजूस येऊन राहिले. ताथवडे येथे त्यांचा काही काळ मुक्काम असल्याचेही सांगतात. आज ताथवडे महानगराच्या हद्दीत असून उंच इमारतींनी वेढलेले आहे. त्या काळी तेथे रानच असावे. तेथून मोरगावपर्यंतचे अंतर पाऊणशे किलोमीटरांच्या घरात. एवढी वाट तुडवीत ते नेमाने मयूरेश्वराच्या दर्शनाला जात. पुढे वृद्धत्वामुळे ही वारी झेपेना, तेव्हा देवाने स्वप्नात येऊन 'तू आता श्रम करू नकोस, मीच तुझ्याबरोबर येतो' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी कऱ्हेच्या पात्रात स्नान करीत असता त्यांच्या हाती गणेशाची मूर्ती आली. तीच चिंचवडची मंगलमूर्ती. पवनेच्या काठी मोरयांनी जिवंतपणी समाधी घेतली, आणि त्या समाधीचे दर्शन घेण्यास आजही हजारो भाविक येतात.

या कथेत देवाने आणखी एक वचन दिल्याचे सांगतात. देवाचा अंश मोरयांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत वास करील, असे ते वचन. त्यामुळे मोरयांचे पुत्र चिंतामणी हे केवळ महंत राहिले नाहीत. ते 'देव' झाले. देहूच्या तुकोबारायांनीच त्यांना प्रथम 'देव' म्हणून संबोधिले, अशी आख्यायिका आहे. तुकोबा चिंचवडास जेवावयास आले, त्यांनी एक पान विठोबासाठी आणि एक गणपतीसाठी मांडावयास सांगितले, आणि दोन्ही देव जेवून गेले, ही गोष्ट जुन्या संतचरित्रांतून आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. तेव्हापासून या घराण्याचे आडनावच देव झाले. चिंतामणींनंतर नारायण, त्यांच्यानंतर दुसरे चिंतामणी, मग धरणीधर, मग दुसरे नारायण आणि शेवटी दुसरे धरणीधर, अशी मोरयांसह सात पुरुषांची मालिका सांगितली जाते. एका गावात, एका वाड्यात, बाप-लेकाच्या क्रमाने सात पिढ्या माणसे देव म्हणून पूजिली गेली. हिंदुस्थानात मठ आणि गाद्या पुष्कळ आहेत. परंतु वंशपरंपरेने चालणारे आणि आधीच पिढ्यांची मर्यादा घालून दिलेले असे देवत्व फारसे आढळत नाही.

आता कालाचा प्रश्न. चिंचवडला मोरयांचा समाधी-उत्सव दरवर्षी मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या सुमारास होतो आणि समाधीचे वर्ष शके १४८३, म्हणजे इ.स. १५६१, असे मानले जाते. जन्माचे वर्ष इ.स. १३७५ मानतात. याचा अर्थ त्यांचे आयुष्य १८६ वर्षांचे झाले. योगी पुरुषांच्या आयुर्मर्यादेची चर्चा करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु इतिहास लिहिताना मोजमाप करावेच लागते. म्हणून जन्माचा प्रश्न बाजूस ठेवून समाधीच्या वर्षापासून पुढे मोजून पाहू. अखेरचे देव दुसरे धरणीधर हे इ.स. १८१० मध्ये निपुत्रिक वारले. १५६१ पासून १८१० पर्यंत २४९ वर्षे होतात, आणि मोरयांनंतर सहा पिढ्या. म्हणजे दर पिढीला सरासरी साडेएकेचाळीस वर्षे. ही सरासरी अशक्य नव्हे, पण फार मोठी आहे. ताडून पाहण्यासाठी भोसले घराणे घेऊ. शहाजीराजे १६६४ मध्ये वारले, आणि त्यांच्या पुत्राचे नातू थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये. तीन पिढ्यांना ८५ वर्षे, म्हणजे पिढीला सुमारे २८. एखाद्या घराण्यात एखादी पिढी दीर्घायुषी निघते, एखादे अपत्य उतारवयात होते. पण सहाच्या सहा पिढ्यांत तसेच व्हावे हे नवल खरेच.

दुसरी अडचण तुकोबांची. तुकोबांचा काल १६०८ ते १६५० हा सर्वसाधारणपणे मान्य आहे. मोरयांनी १५६१ मध्ये समाधी घेतली असेल, तर त्यांचे पुत्र चिंतामणी तुकोबांच्या कीर्तीच्या काळात, म्हणजे १६४० च्या पुढेमागे, किमान ऐंशीच्या घरात असले पाहिजेत. हेही एक वेळ मान्य करता येईल. परंतु चिंतामणींचे पुत्र नारायण यांची गाठ औरंगजेबाशी पडल्याची कथा आहे. बादशहाने परीक्षा पाहण्यासाठी निषिद्ध मांसाचे झाकलेले ताट पाठविले, नारायणदेवांनी ते उघडताच त्यात फुले निघाली, आणि चकित झालेल्या बादशहाने देवस्थानाला आठ गावे दिली, अशी ती कथा. या प्रकारची चमत्कारकथा अनेक साधूंच्या नावावर सांगितली जाते, म्हणून ताटाचा प्रसंग इतिहासात धरण्याचे कारण नाही. परंतु कथा ज्या माणसांना एकत्र आणते, त्यांच्या कालाविषयी ती नकळत साक्ष देत असते. औरंगजेब बादशहा म्हणून दक्षिणेत उतरला तो १६८१ नंतर, आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत तो येथेच होता. त्याआधी शहाजादा असताना तो दोनदा दक्षिणेचा सुभेदार होता, पण गावे बक्षीस देणारा बादशहा नव्हता. तेव्हा आजोबा १५६१ मध्ये समाधिस्थ आणि नातू सव्वाशे वर्षांनी औरंगजेबासमोर, हे गणित कसेही मांडले तरी जुळत नाही.

याउलट मोरयांचा काल शंभर वर्षांनी अलीकडे ओढला, म्हणजे ते सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हयात होते असे धरले, तर सहा पिढ्यांना १६० वर्षांच्या आसपास मिळतात, पिढीला २६-२७. ही संख्या अगदी साध्या संसारी घराण्याची आहे. अभ्यासकांत या प्रश्नावर मतैक्य नाही. कोणी मोरयांना चौदाव्या-पंधराव्या शतकात नेतात, कोणी सतराव्यात आणतात. एका कथेत त्यांचा संबंध हुमायूनशी जोडला आहे तर दुसरीत शहाजीराजांशी. हुमायून १५५६ मध्ये वारला आणि शहाजीराजे १५९४ मध्ये जन्मले. एकाच पुरुषाला दोघेही भेटावयाचे म्हणजे पुन्हा दीर्घायुष्याचा आश्रय घ्यावा लागतो.

अशा वेळी माणसांच्या तोंडच्या गोष्टींपेक्षा दगड अधिक बोलका ठरतो. चिंचवडच्या समाधिमंदिरावर एक मराठी लेख कोरलेला आहे. शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीस देवालयाच्या कामास आरंभ झाला आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थी, सोमवार, या दिवशी काम संपले, असा त्याचा आशय आहे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात त्याची नोंद घेतलेली आहे. जुन्या लेखांतील तिथी-वार पुष्कळदा जुळत नाहीत, म्हणून असा लेख पारखून घ्यावा लागतो. त्याची रीत सोपी आहे आणि ज्यांना हौस असेल त्यांनी घरी करून पाहावी. शकाच्या आकड्यात १२ मिळवून बेरजेस ६० ने भागावे. जी बाकी उरेल तितका प्रभवापासूनचा संवत्सर. १५८० मध्ये १२ मिळविले की १५९२. त्यास ६० ने भागता बाकी ३२. आणि बत्तिसावा संवत्सर विलंबीच. पुढील शक १५८१, बाकी ३३, संवत्सर विकारी. येथपर्यंत लेख बरोबर. आता वार पाहू. शके १५८१ च्या आषाढ शुद्ध चतुर्थीचा दिवस आजच्या कालगणनेने २३ जून १६५९ हा येतो, आणि त्या दिवशी सोमवारच होता. संवत्सर, तिथी आणि वार असे तिन्ही जुळल्यावर लेखाच्या खरेपणाविषयी शंका राहत नाही. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत सुरू झालेले काम पावसाच्या आरंभी पुरे झाले. साडेसात महिन्यांत एवढे दगडी मंदिर उभे राहिले.

ते दिवस कोणते होते याचेही स्मरण ठेवावे. मंदिर पुरे झाले त्यानंतर पाचच महिन्यांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला. पुढच्याच वर्षी, १६६० च्या उन्हाळ्यात, शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला, आणि त्याच पावसाळ्यात चाकणचा संग्रामदुर्ग वेढला गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट पन्नासावर दिवस झुंजविला. अखेर ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग उडाला, तरी मोगलांना लगेच आत शिरता आले नाही. आतल्या लोकांनी मातीचा दुसरा बांध आधीच घालून ठेवला होता. मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले. चिंचवडपासून थोड्याच कोसांवर ही धामधूम चालली असता नव्या समाधिमंदिराचा चुना अजून पुरता वाळलाही नसेल. असल्या काळात एवढे बांधकाम करण्याइतके द्रव्य आणि एवढी निश्चिंतता एखाद्या देवस्थानापाशी असावी, यावरून त्या घराण्याचा तेव्हाचा मान किती होता याची कल्पना येते.

लेख एवढे सांगतो. मोरयांनी समाधी केव्हा घेतली हे मात्र सांगत नाही. १५६१ ची समाधी धरली, तर ९८ वर्षांनी वंशजांनी जुन्या स्थानावर मंदिर बांधले असे म्हणावे लागते. समाधी त्याच पिढीतील धरली, तर वडिलांच्या मागे पुत्राने लगेच मंदिर बांधले असा अर्थ होतो. प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. कारण पिढ्यांचे गणित, तुकोबांची भेट, औरंगजेबाची कथा आणि शहाजीराजांचा संबंध ही चारही सूत्रे सतराव्या शतकाच्या मध्याकडेच बोट दाखवितात. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ज्या घराण्यात 'सात पिढ्या' हे देवाचे वचनच आहे, तेथे पिढ्या मोजणाऱ्याचा हात मोकळा राहत नाही. एखादे अल्पायुषी नाव गाळले गेले असेल, किंवा आजोबा आणि नातू दोघांचे नाव एकच असल्यामुळे दोन पुरुषांचा एक झाला असेल. चिंतामणी, नारायण, धरणीधर ही तिन्ही नावे या वंशावळीत दोन-दोनदा येतात, हे पाहिले म्हणजे अशा घोटाळ्यास वाव किती, हे ध्यानात येईल. आपल्याकडील कितीतरी घराण्यांच्या वंशावळींत हाच प्रकार आहे. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत इतिहासकाराची मोठी वैरीण.

देवस्थानाची जी कागदपत्रे उपलब्ध आहेत, त्यांत चमत्कार नाहीत. गावे, हक्क, धान्य आणि तंटे आहेत. पण त्यांतही एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावी. चिंचवडच्या देवांना कोकणातून काही जिन्नस बाजारभावापेक्षा कमी दराने खरेदी करण्याचा हक्क पूर्वीपासून होता. अन्नछत्रासाठी ही सवलत असली तरी तिचा भार कोकणच्या रयतेवर पडे आणि लोक कुरकुरत. शिवाजी महाराजांनी तो हक्क बंद केला. देवस्थानाची गरज मात्र सरकारी कोठारातून धान्य देऊन भागविली. धर्मकृत्याचा खर्च राज्याने सोसावा, गरिबाच्या गाठीला हात लावू नये, असा तो निर्णय होता. पुढे पेशवाईत या संस्थानाचे वैभव वाढले. मोरगाव, थेऊर, सिद्धटेक या अष्टविनायकांपैकी तीन क्षेत्रांची व्यवस्था आजही चिंचवड देवस्थानाकडे आहे. एका परदेशी विद्वानाने या घराण्याच्या सनदांचा अभ्यास करून १९८९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. लॉरेन्स प्रेस्टन हे त्यांचे नाव. गावोगावच्या जुन्या पेट्यांत पडलेल्या कागदांचे मोल परक्यांनी ओळखावे, हे वाचून समाधान आणि संकोच दोन्ही वाटतात.

परक्यांचा विषय निघालाच आहे, तर या कथेतील दोन इंग्रज साक्षीदारांकडे वळू. पहिला कॅप्टन एडवर्ड मूर. कंपनीच्या मुंबई लष्करातील हा अधिकारी १८०० साली चिंचवडास येऊन गेला, आणि त्याने 'वंशपरंपरागत जिवंत देवा'विषयी लिहिलेला निबंध १८०१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत, सातव्या खंडात, प्रसिद्ध झाला. हिंदू देवदेवतांवरील त्याचा मोठा ग्रंथ पुढे १८१० मध्ये निघाला. मूर हा जिज्ञासू आणि बऱ्याच अंशी सहानुभूतीचा माणूस होता. त्याला चिंचवडास जी कथा सांगण्यात आली, तीत मोरयांना स्वप्न पडते, स्नान करताना हाताला लागेल ती पहिली वस्तू पवित्र मानण्याची आज्ञा होते, हाताला एक पाषाण लागतो, आणि देवाचा अंश सातव्या पिढीपर्यंत राहील असे वचन मिळते. हा प्रसंग तो सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घालतो. म्हणजे १८०० च्या सुमारास खुद्द चिंचवडचे लोक एका परक्याला मोरयांचा काल दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा सांगत होते. वर मांडलेल्या गणिताला ही साक्ष चांगलीच पुष्टी देते.

मूरने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. देव हा आपल्या पदामुळेच 'दिवाणा' समजला जातो. त्याचे लौकिक व्यवहाराकडे लक्ष नसते, आणि बालकासारखी ठरावीक प्रश्नोत्तरे करण्यापलीकडे तो संभाषण करीत नाही, असे त्यास सांगण्यात आले. 'दिवाणा' या शब्दात त्या लोकांच्या मते काही कमीपणा नव्हता. ज्याच्या ठिकाणी देव वसतो त्याला जगाचे भान असेलच कसे, असा त्यांचा भाव. पण ही ओळ वाचताना मन थबकते. संस्थानाची गावे, हिशेब, अन्नछत्र हे सारे चालत होते, ते कोणीतरी भान असलेली माणसे चालवीत होती. देवाने बेभान असणे हे त्यांच्या सोयीचेही असावे, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी साक्षीदार मारिया ग्रॅहॅम. ही चोविशीतली तरुणी १८०९ मध्ये वडिलांबरोबर मुंबईस आली आणि त्याच वर्षी पुण्याकडील प्रवासात चिंचवडास गेली. तिची रोजनिशी १८१२ मध्ये छापली गेली. गाव तिला अस्वच्छ वाटले. प्रत्येक खिडकीत तिला सुखवस्तू, तुकतुकीत पुजारी दिसले, आणि देवाच्या उत्पन्नाची ते चांगली काळजी घेत असावेत असे तिने खोचकपणे लिहिले. तिचा सूर उपहासाचा आहे, आणि परधर्मीयाच्या घराकडे वरून पाहण्याची त्या काळच्या इंग्रजांची खोड तिच्यातही आहे. पण यानंतर ती जे लिहिते, तेथे उपहास गळून पडतो. एका साध्या ओसरीत, बुटक्या लाकडी आसनावर देव बसला होता. तो बारा वर्षांचाही नसलेला मुलगा होता. इतर मुलांपेक्षा त्याच्यात वेगळे काही नव्हते. फक्त डोळ्यांत एक बावरलेली, अस्वस्थ झाक होती. त्याला रोज अफू दिली जाते म्हणून असे होते, असे तिच्या कानावर आले. दुभाष्याकरवी आलेली ही ऐकीव गोष्ट आहे, म्हणून तिला ऐकिवाइतकेच महत्त्व द्यावे. त्याला इतर मुलांत खेळण्याची मोकळीक नव्हती. त्याने संस्कृतावाचून दुसरी भाषा बोलावयाची नव्हती, म्हणजे विद्वान ब्राह्मणांखेरीज कोणाशी बोलण्याचा प्रसंगच येऊ नये. तरीही त्याने पाहुण्यांचे मोठ्या अदबीने स्वागत केले, इंग्रज लोकांना भेटून आपणांस नेहमी आनंद होतो असे दुभाष्यामार्फत सांगितले, आणि निघताना स्वतःच्या हाताने सर्वांना बदाम आणि खडीसाखर दिली. त्या खडीसाखरेला हिंगाचा वास येत होता, एवढे बारीक निरीक्षणही तिने टिपून ठेवले आहे. कोठीतल्या एकाच फडताळात दोन्ही जिन्नस ठेवलेले असावेत. तो वास आपल्या ओळखीचा आहे, आणि त्या वासामुळे हा सारा प्रसंग एकदम आपल्या घरातला वाटू लागतो.

या मुलाचा विचार करीत असता पुन्हा तारखांकडे लक्ष जाते. १८०९ मध्ये गादीवर असलेला देव बारा वर्षांच्या आतला. आणि सातवे व शेवटचे देव दुसरे धरणीधर १८१० मध्ये निपुत्रिक वारले, अशी नोंद. दोन्ही वर्षे बरोबर असतील, तर ती एकाच व्यक्तीची होत असा तर्क करण्यास जागा आहे. मग 'निपुत्रिक' या शब्दाचा अर्थ किती वेगळा होतो! ज्याला लगोऱ्या खेळावयास मिळाल्या नाहीत, त्याला वंश कोठून असणार? मूर आणि मारिया यांची पाने शेजारी शेजारी ठेवली म्हणजे दिवाणेपणाचे ते वर्णनही निराळे दिसू लागते.

सातव्या पिढीबरोबर वंश संपला याची दोन कारणे परंपरेने दिली आहेत. एक, देवाच्या वचनाची मुदत संपली. दुसरे, दुसऱ्या नारायणदेवांनी पूर्वजांची आज्ञा मोडून मोरयांची समाधी उघडून पाहिली. आत मोरया ध्यानस्थ बसलेले होते, ध्यानभंग झाल्यामुळे त्यांनी शाप दिला, की तुझ्या पुत्राबरोबर हा वंश खुंटेल. कित्येक चिकित्सक मंडळी म्हणतात, की घटना घडून गेल्यावर असल्या भविष्यवाण्या रचल्या जातात. शापाच्या कथेविषयी ते खरे असू शकेल. परंतु सात पिढ्यांच्या मुदतीविषयी तसे म्हणता येत नाही; कारण मूरचा निबंध १८०१ मध्ये छापून झाला होता आणि वंश खुंटला तो १८१० मध्ये. भाकीत कागदावर आधी उतरले, घटना नंतर घडली. या साऱ्या प्रकरणातील खरे गूढ वाटते ते हेच.

त्याचा उलगडा चमत्कारावाचून होऊ शकतो काय? थोडासा होतो. १८०० मध्ये सातवी पिढी दाराशी येऊन ठेपलेलीच होती. सातावर मोजणी थांबणार हे वाड्यातील प्रत्येकास लहानपणापासून ठाऊक होते. अशा वाड्यात जन्मलेल्या शेवटच्या मुलाला आपण शेवटचे आहोत हे कोणी सांगावयास नको होते. त्याच्या आयुष्यासाठी वैद्याची धडपड झाली असेल, नवससायासही झाले असतील. पण सात हा आकडा साऱ्यांच्या मनात आधीच पक्का बसलेला होता. भाकीत खरे ठरण्यास कित्येकदा एवढेही पुरते. तरीही आकडा आणि घटना इतक्या नेमक्या जुळाव्यात, याचे आश्चर्य संपूर्ण नाहीसे होत नाही, आणि प्रस्तुत लेखकाची ते नाहीसे करण्याची इच्छाही नाही.

वचनाप्रमाणे देवाचा अंश सातव्या पिढीबरोबर संपावयास हवा होता. परंतु देवस्थानाला मिळालेली गावे आणि सनदा देवांच्या नावावर होत्या; गादी रिकामी राहिली तर अन्नछत्र, पूजाअर्चा आणि शेकडो माणसांची पोटे यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून पुजाऱ्यांनी दूरच्या नात्यातील सखारी नावाच्या गृहस्थास देव म्हणून गादीवर बसविले. पुढे आठच वर्षांत पेशवाई गेली, इंग्रजी अंमल आला, १८५८ मध्ये चिंचवडावरून आगगाडी धावू लागली, आणि मोरयांच्या रानात एकामागून एक कारखाने उभे राहिले. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तीची पालखी मात्र अजूनही चिंचवडहून निघते आणि मोरगावच्या वाटेला लागते.